रिकामी गव्हाण

कोल्टर्स फेरी, ओहायो
सोमवार, ५ डिसेंबर २००५

लाडके लोरेटा,

तुझं पत्र आणि खसखशीचा रोल, दोन्ही शुक्रवारी पोचलं. रोल जरा कोरडा झाला होता, पण कॉफीत बुडवून संपवला. गुडघा कसा आहे? डॉक्टरचं ऐक, उगाच जिने चढउतार करू नकोस. स्टॅनच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा सांगितलीस, बरं केलंस. भावासाठी एवढं तरी आपण करायलाच हवं.

इथली बातमी म्हणजे मला समितीत घेतलं! हसू नकोस. टाउन हॉलसमोरच्या हिरवळीवर नाताळचा देखावा मांडतात ना, ती समिती. वॉल्टशी लग्न करून ह्या गावात आले त्याला अडतीस वर्षं झाली, वॉल्टला जाऊनही सहा झाली. पण अख्खं गाव मेथडिस्ट पंथाचं आणि मी एकटी कॅथलिक, वीस मैल गाडी हाकून चर्चला जाणारी. आजवर मला कुणी त्या देखाव्यातली गवताची काडी हलवू दिली नव्हती. आणि विजेच्या दुकानवाले हर्मन रोझिन? माझ्यानंतर आठ वर्षांनी आले, धर्माने ज्यू, पण त्यांना दरवर्षी मानाने शिडी आणून देतात! का, तर गव्हाणीवरचा मोठा तारा त्यांच्याशिवाय कुणाला पेटवता येत नाही म्हणे. असो. यंदा समितीतली एक बाई पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तिची जागा मला मिळाली.

शनिवारी दुपारी सगळं मांडलं. मेंढ्या, उंट, मारिया, योसेफ. रोझिन वर शिडीवर ताऱ्याशी खुडबुड करत होते. बाकीच्या कॉफी प्यायला आत गेल्या, मी मागे राहून गवत सारखं केलं.

काल सकाळी आमच्या अध्यक्षबाई, फे अटली, चर्चला जाताना गव्हाणीत वाकून बघतात तर बाळ येशूची मूर्ती नाही! मी माझ्या चर्चहून परत आले तोवर हिरवळीवर निम्मं गाव जमलेलं. फेने येऊन माझा दंडच धरला. "बर्निस, चोरलं गं आपलं बाळ!" आपलं म्हणाली, लोरेटा. अडतीस वर्षांत ह्या बाईने मला 'आपलं' असं काही म्हटलं नव्हतं.

"कुणाला तरी नाताळ बघवत नाही, दुसरं काय," फे म्हणाली. महिनाभर टीव्हीवर हेच चाललंय बघ, दुकानात 'मेरी ख्रिसमस' म्हणायची चोरी झाली, लोकांच्या भावना दुखावतात. मी सहज विचारलं, "पण कुणाच्या गं?" सगळ्या एकमेकींची तोंडं बघायला लागल्या. एकीच्या नणंदेच्या गावात कुणीतरी दुखावलं गेलं होतं, कोण ते तिला आठवेना. मग फेने मान वर करून ताऱ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "शेवटी इथे शिडीवर कोण होतं?"

हातात कॉफीचा थर्मास होता, तो धरून उभी राहिले.

बाकी सगळं ठीक. थंडी फार आहे. गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लाव.

तुझी,
बर्निस


कोल्टर्स फेरी
शुक्रवार, १६ डिसेंबर

लोरेटा,

अख्ख्या पत्रात एकच ओळ लिहायला टपाल खर्ची घातलंस? 'बर्निस, आईसारखं तूच तर नाही ना उचललंस?'

हो. मीच. झालं समाधान?

मला काय स्वप्न पडलं होतं, हे लोक बाळाला पहिल्या दिवसापासूनच गव्हाणीत झोपवतात म्हणून! रस्त्यावरून तर आतलं काही दिसत नाही, कडा केवढ्या उंच आहेत. आपल्याकडे चोवीस तारखेची संध्याकाळ होईपर्यंत गव्हाण रिकामी असायची. "जन्माला यायच्या आधी बाळ कुठून येईल?" म्हणायची आई, आणि फडक्यात गुंडाळून पिठाच्या डब्यामागे ठेवून द्यायची. शनिवारी मी वाकून पाहिलं तर खोक्यातून काढलेलं बाळ तसंच गवतावर टाकलेलं, डिसेंबरची तीन तारीख आणि बाळ हजर! मला वाटलं चुकून राहिलंय. कोटाखाली घेतलं, घरी आणलं, ओव्हनखालच्या खणात ट्रे ठेवते तिथे फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळून ठेवलं. झोपायच्या आधी पापासुद्धा घेतला. म्हटलं, आई असती तर खूश झाली असती.

सांगणार होते, अगदी शपथेवर. पण फे 'चोरलं' म्हणाल्यावर तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं, कल्पना कर. 'बघा, पहिल्याच वर्षी कॅथलिक बाईने घोळ घातला.' मरेपर्यंत ऐकवलं असतं. म्हटलं, संध्याकाळी एकट्या फेला सांगू. संध्याकाळी तिचाच फोन आला, मंगळवारी सगळ्यांनी तुझ्याकडे जमायचं का?

नऊ बायका आल्या, लोरेटा! माझ्या स्वयंपाकघरात नऊ! वॉल्टच्या दफनाला चार आल्या होत्या. खुर्च्या पुरेनात. माझ्या बिस्किटांची पाककृती दोघींनी लिहून घेतली. मध्येच फे उठली, "अगं, दुसरा ट्रे कुठेय?" म्हणत ओव्हनखालच्या खणाला हात घालायला लागली. मी अशी झडप घातली म्हणून सांगू, "बस गं तू, पाहुणी ना!" तिने माझा गालगुच्चा घेतला. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती, हेही खरंच सांगते.

रोझिन यांचं विचारशील. दुकानात कुणी जात नाही. काचेवर लाल रंगात कुणीतरी लिहिलंय, 'बाळ परत दे'. त्यांनी दोनदा पुसलं, दोनदा पुन्हा लिहिलं गेलं. शाळेची पोरं बसमधून 'बाळचोर, बाळचोर' ओरडतात. पास्टरनी प्रार्थनेत 'आपल्यातला जो भरकटला आहे त्याच्यासाठी' असं म्हटलं, आणि सगळ्यांनी माना वळवून खिडकीतून समोरच्या दुकानाकडे पाहिलं. समितीने शिडी परत मागितली. तारा आम्ही बघून घेऊ म्हणाले. तारा आता पेटत नाही.

काल दुपारी ते माझ्या दारात आले. टोपी हातात. बहात्तर वर्षांचा माणूस, तीस वर्षं ह्या गावाचे फ्यूज बदलतोय. आत बोलावलं नाही मी. पायरीवरच म्हणाले, "मिसेस हॅमिल, मी वरून पाहिलं होतं. तुम्ही कोटाखाली घेतलंत. मला वाटलं, समितीचंच काही काम असेल."

मी दार अर्धं ओढून घेतलं.

"मी कुणाला सांगणार नाही," ते म्हणाले. "सांगितलं तरी माझं कोण ऐकणार? पण तुम्ही सांगा. चूक झाली म्हणा, लोक हसतील आणि सोडून देतील. तुमचं फक्त हसं होईल हो. माझं दुकान जातंय."

मग ते जरा हसले आणि म्हणाले, "लोक म्हणतात मला नाताळचा राग येतो. राग येत असता तर तीस वर्षांत एकदा तरी तारा बंद पडला नसता का? माझ्या बायकोला, इडाला, तो फार आवडायचा. शेवटच्या आजारपणात पलंग खिडकीशी लावून घेतला होता तिने."

मी काय म्हणाले सांगू? म्हणाले, "मिस्टर रोझिन, ह्या वयात नजर दगा देते. शिडीवरून तुम्हाला काहीतरी भास झाला असेल."

त्यांनी टोपी घातली आणि गेले. बर्फ होतं म्हणून पायऱ्या जपून उतरत होते, आणि मी दार लावून घेतलं.

तू रागावशील. रागाव. पण अडतीस वर्षं ह्या गावात बाहेरची म्हणून राहून बघ, मग मला शहाणपण शिकव. कुणीतरी एक बाहेर असल्याशिवाय ह्यांना चैन पडत नाही. इतकी वर्षं मी होते. आता ते आहेत.

चोवीस तारखेला बाळ जागेवर जाईल. आईच्या रीतीप्रमाणे.

बर्निस


कोल्टर्स फेरी
मंगळवार, २७ डिसेंबर

लोरेटा,

नाताळच्या शुभेच्छा, उशिराने. तुझं पत्र शनिवारी सकाळी आलं. चार पानं! एवढं तर तू लग्न मोडलं तेव्हाही लिहिलं नव्हतंस. मी आठवड्याभरात कबूल झाले नाही तर तू पास्टरना लिहिणार. लिहून झालं असेल तर असू दे, आधी इथलं ऐक.

चोवीसला सहा वाजता हिरवळीवर गाणी असतात. मी पाच वाजताच गेले, अंधारून आलं होतं, तारा बंद, कुणाला काही दिसायचं नाही. बाळाला ठेवलं. पापा घ्यायचा राहिलाच. सहा वाजता फेने टॉर्च मारला आणि किंकाळी फोडली. "आलं! आलं!" लोक रडले, लोरेटा, मोठे बाप्ये रडले. एकमेकांच्या गळ्यात पडले. मीही रडले, खोटं नाही. इतकी सुंदर गाणी ह्या गावाने कधी म्हटली नसतील.

आणि मग फे म्हणाली, "घाबरला शेवटी. आपण एकी दाखवली म्हणून आणून ठेवलं त्याने."

म्हणजे बघ, मला वाटत होतं बाळ परत आलं की सगळं मिटेल. उलट आता पुरावा मिळाला त्यांना. परत आणून ठेवलं, म्हणजे चोरलं होतंच की!

तिथूनच वीसपंचवीस जण गाणी म्हणत म्हणत रोझिन यांच्या दुकानासमोर गेले. दगडबिगड नाही हं, आपले लोक तसे नाहीत. नुसते उभे राहून गाणी म्हणाले, एकामागून एक, अकरा गाणी, वरच्या खिडकीकडे तोंडं करून. म्हातारा पडद्यामागे उभा होता, सावली दिसत होती. मी तिथे होते. पहिल्या रांगेत. फेने माझा हात धरला होता.

यंदा त्यांचाही दिव्यांचा सण नाताळच्याच संध्याकाळी लागत होता. दरवर्षी खिडकीत मेणबत्त्या असतात. परवा नव्हत्या. काल त्यांची मुलगी क्लीव्हलँडहून गाडी घेऊन आली आणि त्यांना घेऊन गेली. दुकानाला कागद चिकटवलाय, बंद. बायको इथल्या मातीत आहे, तिला काही बरोबर नेता आलं नाही.

तू विचारशील, शेवटी नाताळने दुखावलं गेलं तरी कोण? मी महिनाभर बघतेय. एकही माणूस नाही, लोरेटा. अख्ख्या गावात एकही नाही. पण हे मी कुणाला सांगू? सगळे इतके खूश आहेत.

आता तुझ्या पत्राचं. पास्टरना खुशाल लिही. पण त्याआधी आपलं जुनं स्वयंपाकघर आठव. तू नऊ वर्षांची, मी बारा. पिठाच्या डब्यामागून बाळ काढलंस, नाचवलंस, पडलं, त्याचा हात मोडला. बाबांनी विचारलं कुणी मोडलं, तू स्टॅनकडे बोट दाखवलंस. पट्ट्याचं बकल कानाला लागलं त्याच्या. जन्मभर त्याला डाव्या कानाने ऐकू आलं नाही, आपल्याशी बोलताना बिचारा मान वळवून बसायचा. मी दारात उभी होते, सगळं पाहिलं होतं. अठ्ठावन्न वर्षं तोंड शिवून घेतलं, तुझ्यासाठी. तुला ते चाललं. त्याच्या अंत्यविधीला तू केवढी रडलीस आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला, तेही चाललं. त्याची मुलगी अजून दर रविवारी तुझ्याकडे जेवायला येते ना? तिचा पत्ता माझ्याकडे आहे. तू एक पत्र लिही, मी एक लिहीन.

तू लिहिणार नाहीस. मी ओळखते तुला, एकाच आईच्या आपण.

पुढच्या वर्षीसाठी मला अध्यक्ष केलंय. फेनेच नाव सुचवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिला ठराव मीच मांडला, बाळ पहिल्या दिवसापासून गव्हाणीत राहील आणि खालून स्क्रूने पक्कं बसवलं जाईल, म्हणजे पुन्हा कुणी नेणार नाही. एकमताने मंजूर. आईला मात्र आवडलं नसतं.

एक राहिलं. जाताना रोझिन माझ्या दाराखालून एक पाकीट सरकवून गेले. मला वाटलं शिव्या असतील. आत ताऱ्याच्या वायरिंगचा नकाशा होता, पेन्सिलीने नीट काढलेला, कुठली वायर आधी, कुठली नंतर, पावसाळी हवेत कुठला सांधा टेपने गुंडाळायचा. खाली एवढंच लिहिलं होतं: 'आता हे तुमच्याकडे असलेलं बरं.' समितीला देता येत नाही. तुलाच का दिला, असं विचारतील. म्हणून तो ओव्हनखालच्या खणात ठेवलाय, फ्लॅनेलमध्ये. देखावा सहा तारखेपर्यंत आहे. रोज संध्याकाळी लोक येतात, अंधारात उभे राहून टॉर्चने बाळ बघतात, आणि म्हणतात, बघा, जाताना त्याने ताराही बिघडवून ठेवला.

मी हो म्हणते.

उत्तराची घाई करू नकोस, आणि गुडघा जप.

तुझी बहीण, पण आता इथलीच,
बर्निस हॅमिल