थोरली तीन वर्षांची, धाकटी ब्याऐंशीची

प्रिय तोरगाइरदादा,

वाकून नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा नुसताच नमस्कार.) तुझी तब्येत बरी असेल आणि वृद्धाश्रमातली कॉफी नेहमीसारखी पांचट असेल, असं धरून चालते. माझं म्हणशील तर मध्यंतरी मी वारले होते. काळजी करू नकोस, आता पुन्हा जिवंत आहे. (योरुन, आश्रमातल्या सगळ्यांची पत्रं तूच वाचून दाखवतेस, म्हणून सांगते: कंसातलं मोठ्याने वाचू नकोस. कंस माझे मला आहेत.)

त्याचं असं झालं. आपले हाल्वरकाका अमेरिकेला गेले, त्यांचा नातू डेल. तो निवृत्त झालाय आणि बायको त्याला स्वयंपाकघरात उभं करत नाही, म्हणून तिकडे मिनेसोटात बसून इंटरनेटवर आपली वंशावळ सांभाळतो. तिथे सगळ्याच नातेवाइकांना लिहिता येतं, आणि खोडताही येतं, हे आपलं नशीब. तर त्याला आईबाबांच्या नावाखाली दोन गुनवोर दिसल्या. एका घरात एकाच नावाच्या दोन मुली कशा असतील, कोणीतरी चुकून दोनदा लिहिलं असणार, म्हणून पठ्ठ्याने दोघींची एक करून टाकली. झालं. मी तिसऱ्या वर्षी घटसर्पाने गेले, त्यानंतर गणितात नापास झाले, यूस्टाइनशी लग्न केलं आणि दोन मुलगे वाढवले. कोंग्सबर्गच्या मावसबहिणीने माझ्या नावापुढची मृत्यूची खूण तेवढी पाहिली, साल पाहिलंच नाही, आणि माझ्या मुलाकडे सांत्वनाला फोन केला. तो म्हणाला, "थांब हं, आईलाच देतो."

मी डेलला लिहिलं, बाबा रे, आमच्याकडे रीतच होती. आजीचं नाव घरात खेळतं राहायला हवं. ते ठेवलेली मुलगी गेली, की पुढच्या मुलीला तेच नाव. ती थोरली गुनवोर, मी धाकटी. तर त्याने पुरावा मागितला. आता जो कागद दाखवावा त्यावर माझंच नाव; जन्मसाल वेगळं दिसलं तर म्हणतो, लिहिणाऱ्याची चूक. थडग्याचा दगड दाखवावा तर तो केव्हाच उचलला, त्या जागेवर दुसरं कोणी निजलंय. (आपल्याकडे मेल्यावरही जागा भाड्याचीच.) शेवटी त्याने मोठ्या मनाने मला जिवंत केलं, म्हणजे ते मरण खोडलं. मरणाबरोबर ती पण गेली, दादा. तिच्याजवळ स्वतःचं असं तेवढंच होतं.

मी तिला पुन्हा लिहिते, तो पुन्हा खोडतो. आता तर म्हणतो, "आत्या, वय झालं की होतं असं." स्वतः सत्तरीला टेकलाय.

लहानपणी मला तिचा हेवा वाटायचा. मी दूध सांडायचे, मी मोजे फाडायचे, थोरलीने कधी काही सांडलं नाही. आई मला मरेपर्यंत धाकटी म्हणत राहिली, गावही तेच म्हणायचं. ब्याऐंशीची मी धाकटी आणि तीन वर्षांची ती थोरली, यात कोणाला कधी काही वावगं वाटलं नाही. आता ती नव्हतीच म्हटल्यावर मी धाकटी कोणाची? हे डेलला कसं सांगायचं, मला कळत नाही. फार वाईट वाटतं.

तुझी,
गुनवोर

ता. क. डेलला साक्षीदार हवा आहे. थोरलीला डोळ्यांनी पाहिलेला माणूस आता तू एकटाच. दोन ओळी सांग, ती कशी होती, काय बोलायची. योरुन लिहून घेईल.

ता. क. (हे सगळंच कंसात समज, योरुन. आणि वरच्या दोन ओळींचं राहू दे. गेल्या रविवारी दादाने वॅफल मोडलं, कडेचं कडक स्वतः घेतलं, मधलं मऊ माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "गुनवोर, घसा अजून दुखतो का गं?" माझा घसा कधी दुखला नव्हता. डेलने दोघींची एक केली म्हणून मी महिनाभर त्याच्याशी भांडतेय, आणि दादाने तेच केलं तेव्हा म्हणाले, "नाही रे, आता बरा आहे." इतका हसला तो. या रविवारीही मी येते. त्याला जी वाटेन ती होऊन बसेन. फक्त निघताना, जमलं तर, त्याला सांग की हिला एकदा 'धाकटे' म्हणून हाक मार. तसं म्हणणारं दुसरं कोणी आता उरलेलं नाही.)