चाकं आत घेताना

प्रिय बापू,

तुमची जीप सध्या अंगणात दगडांवर उभी आहे. चारही चाकं काढून ठेवून वणीचा मिस्तरी परत गेला. जाताना म्हणाला, "रिम कोनत्या मापाचे आनू, ते उद्या फोनवर सांगजा." तुम्ही गेल्यापासून गाडी चालवणारी मी एकटी, आणि चाकं मडगार्डच्या बाहेर काढायचा उद्योग तुमचा. मग विचारू कोणाला?

मागच्या आठवड्यात याडीला यवतमाळला दवाखान्यात नेत होते. घाटंजीच्या अलीकडे पुढचं डावं चाक घरघरायला लागलं, स्टिअरिंग हातात थरथरलं आणि गाडी आपसूक कडेला ओढली गेली. बेअरिंग खलास! आणि शेजारी आजारी आई बसलेली. तिला दर आठवड्याला न्यावंच लागतं, आणि तांड्यावर एसटी येत नाही. त्या दिवशी मी फार घाबरले, बापू. तिला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते.

मिस्तरीनं चाक पालथं घातलं, मागच्या कडांवर पट्टी आडवी टाकली आणि तिथून बोल्ट बसतात त्या ताटलीपर्यंतची खोली मोजली. यालाच बॅकस्पेसिंग म्हणतात. तुमच्या रिममध्ये ती खोली नावालाच उरली होती.

"हे पाहा ताई," तो म्हणाला, "ताटली तोडून पार मांगच्या कडेले वेल्ड केली. म्हनून चाक भाईर गेलं. सारा जोर बेअरिंगवर येते. बापूनं असं काहून केलं?"

काहून केलं? तुम्ही तर एकच उत्तर द्यायचात: रुबाब! पावसाळ्यात त्या चाकांचा चिखल थेट बसणाऱ्यांच्या अंगावर. गाडीत चढायला आलेल्या बायका तुम्हाला तोंडावर शिव्या घालायच्या, आणि तुम्ही मिशीत हसायचात. इतका कसला हो हौशी माणूस, असं मलाही वाटायचं.

काल संध्याकाळी मी सुटलेल्या चाकाजवळ बसले होते. याडी कापसाच्या वाती वळत ओट्यावर होती. मी नुसतंच म्हटलं, "बापूला हे सुचलं तरी कसं?"

"माह्यापायी सुचलं," ती म्हणाली.

मी तिच्या पोटात होते म्हणे तेव्हा. तुम्ही नुकतीच लिलावातली जीप आणली होती आणि मोठ्या ऐटीत याडीला घाटंजीच्या डॉक्टरला दाखवायला निघालात. रस्ता कुठला! काळ्या मातीत बैलगाड्यांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या. तांड्यातल्या सगळ्या गाड्या एकाच सुतारानं केलेल्या, त्यामुळे चाकोऱ्याही एकाच मापाच्या. तुमची जीप मात्र त्याहून अरुंद. एका बाजूची चाकं चाकोरीत, दुसऱ्या बाजूची मधल्या उंचवट्यावर, आणि याडी पोट सांभाळत तिरकी.

"मी अर्ध्या वाटंत उतरली," ती सांगत होती. "म्हटलं, मले बैलगाडीतच न्या. मंग मी बैलगाडीत, अन् हे मांगून रिकामी जीप घेऊन. सारे लोक हासे!"

त्यानंतर तुम्ही बैलगाडीच्या आसाचं माप घेऊन वणी गाठलीत आणि जीपची चाकं चाकोरीत बसतील एवढी बाहेर काढून आणलीत. दवाखान्यातून मला घरी आणलं ते त्याच चाकांवर, सपाट, हिसका न बसता. एवढी गोष्ट, आणि जन्मभर मला एकदाही सांगितली नाहीत? असं कसं वागलात, बापू? मला राग आला तुमचा. मग रडूही आलं.

मी म्हटलं, "मग राहू दे का हीच चाकं?"

याडीनं वर पाहिलंसुद्धा नाही. "कायले? आता गाडीवाट कुठी राह्यली? डांबरी झाली सारी. ते त्या वाटेचं माप व्हतं. तू तुह्या वाटेचं पाह्य."

तेव्हा ठरलं. ताटली मूळ ऑफसेटला, म्हणजे कंपनीनं बसवली होती तिथंच. त्याहून आत नको, नाहीतर वळताना टायर स्प्रिंगच्या पाट्याला घासेल. टायरही मूळच्याच रुंदीचे. तुमचे रिम भंगारवाला घेऊन जाईल. वाईट वाटतंय, पण देणार आहे.

एक कबूल करते. नवी चाकं बसली की आधी मी एकटी घाटंजीपर्यंत जाऊन येईन. स्टिअरिंग दोन्हीकडे पुरतं वळवून बघीन, बेअरिंगला हात लावून ते तापलंय का बघीन, आणि मगच याडीला बसवीन. तरीही ती नाही म्हणाली, ऑटोनं जाते म्हणाली, तर जाऊ देईन. मी त्या ऑटोच्या मागून रिकामी जीप घेऊन येईन. हसू देत लोक.

तुमची लेक,
कविता