धरलेली जागा

६ मे
देवरीला पोचलो एकदाचा. हीरालालजी बिसेन यांनी आपल्या बंद राईस मिलच्या गोदामात जुन्या बस जमवल्या आहेत. त्या दुरुस्त करून संग्रहालय मांडायचं काम माझ्याकडे आहे. पहिली बस पाहिली आणि जीव हरखला. लाकडी चौकटीच्या खिडक्या, पुढे लांब नाक. शाळेला सुट्टी म्हणून माझी लेक नीतूही सोबत आहे. सहा वर्षांची, पण तोरा मालकिणीचा. चौकीदार केवळरामनं तिला रानातली गोड टेंभरं आणून दिली, त्यामुळे त्यांची गट्टी जमली.

१४ मे
रंग झाला, बाकांना नवं रेक्झीन लागलं. बस देखणी दिसते, पण निर्जीव. मग डोकं चाललं. आपली बस म्हणजे खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा. बाजारातून दुपट्टे, रुमाल आणून बाकाबाकांवर टाकले. हीरालालजी खूश. केवळरामनं मात्र विचारलं, कोनासाठी जागा धरून राहिले जी? मी थट्टेनं म्हटलं, येईल त्याच्यासाठी.

१७ मे
बाकं दबली आहेत, कोणी बसून गेल्यासारखी. गोदामाला कुलूप होतं, किल्ली केवळरामकडेच, म्हणून त्याला झापलं. तो म्हणाला, ही बस तलावाच्या पाळीवरून उलटली होती. बसलेले वाचले. गर्दीत जे उभे होते तेवढे मेले, त्यायले जागाच नाही भेटली जी. हीरालालजींनी हे सांगितलं नव्हतं. राग आला. खरं तर भीती वाटली.

१८ मे
रुमाल काढायला गेलो. निघत नाहीत. कोणी वर बसलं असावं तसे घट्ट. एक दुपट्टा ओढून पाहिला – कापड गरम होतं, अंगाखालचं असतं तसं. हात किती वेळा धुतले. उद्या नीतूला घेऊन घरी जातो. काम गेलं खड्ड्यात.

१९ मे
सामान बांधलं, तर नीतू सापडेना. बसमध्ये आहे. खिडकीतून स्वतःचा रुमाल टाकून जागा धरली म्हणते. उचलतो तर उचलली जात नाही. हसते. शेजारची आजी चांगली आहे म्हणते. शेजारी कोणी नाही –

केवळराम दारातच उभा. आत येत नाही. म्हणतो, धरलेली जागा रिकामी नाही राहत जी. बदली मानूस बसवा लागते.

दुपारी
तिच्या रुमालावर माझा टाकला. नीतू सुटली, तिच्या जागी मी बसलो. केवळरामच्या कडेवर आहे, बाहेर उन्हात, रडते आहे. रडते आहे, बरं वाटलं.

वही खिशात होती म्हणून लिहितो. पाय हलत नाहीत. आता शेजारचं कोणी सरकलं – मला नीट बसता यावं म्हणून – मांडीला मांडी लागली. मागून कोणी म्हणालं, आता उभं कोणीच नाही, चला. मग कंडक्टरच्या दोन घंट्या –