जिराफासाठी डबल बेल

जहाजावरून,
११ जानेवारी २०२५, सकाळ

प्रिय रज्जाकभाई यांस,
कल्याणचा स. न. वि. वि.

वहीच्या कागदावर लिहून त्याचा फोटो तुमच्या सुनेच्या, सुमैराच्या, मोबाईलवर पाठवतोय. तीस वर्षं इंजिनाशेजारी बसून तुमचे कान गेले, फोनवर मी किती ओरडणार? आणि इथं ओरडलो तर सगळे नाश्ता सोडून माझ्याकडेच बघत बसतील.

भाई, जहाज म्हणजे काय सांगू! आपलं पाथर्डीचं अख्खं स्टँड, डेपो आणि बाजारतळ यात मावेल आणि वर रसवंतीला जागा उरेल. आमची पंकजा इथल्या बेकरीत पाव आणि केक करते, हे तुम्हाला माहीतच आहे. कामावरच्या लोकांना आईवडिलांना एकदा सोबत नेता येतं, म्हणून आमची स्वारी निघाली. पहिल्या दिवशी ज्ञानेश्वरी खिडकीतून समुद्र बघून म्हणाली की एवढं पाणी इथं पडलंय आणि आमी टँकरची वाट बघतोय. मग दिवसभर तिथून हललीच नाही.

उद्या जहाज सिंगापूरला लागतंय. पंकजाला सुट्टी नाही. ती म्हणते की जहाजाच्या गाडीतून उंच इमारती आणि दुकानं बघून या, एकटे कुठं भटकू नका. पण मी मनाशी वेगळंच ठरवलंय. तिथं प्राण्यांची मोठी बाग आहे, शहरातल्या साध्या बसनं जाता येतं, आणि बसमध्ये बसायला मला कुणी शिकवायला नको.

लग्नानंतर पंधराव्या दिवशी मी हिला पुण्याची प्राण्यांची बाग दाखवायला निघालो होतो, आठवतं? नगरच्या माळीवाडा स्टँडवर कंट्रोलर साहेबांनी हाक मारली. शेवगावच्या गाडीला कंडक्टर नव्हता. मी हिला पाथर्डीच्या गाडीत बस म्हणून सांगितलं, पुढच्या रविवारी नक्की जाऊ असं म्हटलं आणि ड्युटीवर चढलो. तो रविवार पस्तीस वर्षं झाली, उगवलाच नाही. तिला जिराफ बघायचा होता. एवढ्या लांब मानेचं जनावर खाली वाकून पाणी कसं पितं, हे शाळेत पुस्तकातलं चित्र बघितल्यापासून तिच्या डोक्यात आहे. तिनं एकदाही मला आठवण करून दिली नाही, आणि तेच मला जास्त टोचतं.

जहाज पाचच्या आत सगळ्यांना वर घेतं, कुणासाठी थांबत नाही. मीही कधी कुणासाठी गाडी थांबवली नाही, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडानं करू? धीर देणारं दोन ओळींचं उत्तर आजच पाठवा.

अख्तरीभाभींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.
तुमचा,
कल्याण


नगर,
११ जानेवारी, असरच्या नमाजानंतर

प्रिय कल्याण मास्तर यांस,
मी चार वर्षांनी मोठा, म्हणून हक्कानं अ. उ. आ.

तुझं पत्र सुमैरानं बोटांनी मोठं करकरून दाखवलं. अख्तरी ऐकत होती. ती म्हणाली की या माणसाला अक्कल आली, पण फार लांबच्या स्टॉपवर आली. मी तिला गप्प केलं. खरं तर तिचं म्हणणं मला पटलं होतं.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. त्या दिवशी शेवगावची ती गाडी माझ्याच हातात होती. गाडी स्टँडबाहेर काढताना मी आरशात बघितलं. ज्ञानेश्वरीताई भाकरीचं गाठोडं छातीशी धरून उभ्या होत्या. गाडी वळेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. तू मागं तिकिटं फाडत होतास. पुढं त्या मला भाऊबीजेला ओवाळायला लागल्या, तेव्हा दर वर्षी ताटापुढं बसलो की मला तो आरसा आठवायचा. पण नवरा-बायकोच्या मधे भावानं कशाला पडायचं, म्हणून गप्प राहिलो. आता पडलो.

तेव्हा जा, बिनधास्त जा. उद्या रविवारच आहे, कॅलेंडर बघ. आणि पुण्यात त्या काळी जिराफ होता की नव्हता, हे तरी तू कुणाला विचारलं होतंस का? नाही म्हणजे, ताईंना तिथं नेऊन तू माकडं दाखवून परत आणलं असतंस!

एक लक्षात ठेव. तिथं तुझ्या घंटीवर चालणारा रज्जाक नाही. तू एक घंटी दिलीस की मी थांबायचो, दोन दिल्या की निघायचो. तशी नोकरी आता कुणी करणार नाही.

ताईंना सलाम. पंकजाला दुवा. आमच्यावरची नजर अशीच मायेची असू दे.
तुझा,
रज्जाक


जहाजावरून,
१२ जानेवारी, संध्याकाळ

प्रिय रज्जाकभाई यांस,
स. न. वि. वि.

बघितला! भाई, जिराफ बघितला! घाईघाईनं लिहितोय, अक्षर समजून घ्या.

साडेदहाला जहाजातून उतरलो. शेवटी पंकजाला खरं सांगितलं होतं, तिनंच आपली बँकेची दोन कार्डं दिली, ती यंत्राला टेकवली की झालं, तिकीट नाही की सुट्टे पैसे नाहीत. आधी जमिनीखालची रेल्वे, तिथून १३८ नंबरची बस. बस चकाचक, गार, आणि कंडक्टर नाही! चढणारे चढतायत, उतरणारे उतरतायत, बघणारं कुणी नाही. माझ्या जिवाला चैन पडेना. डोक्याला ओढणी बांधलेल्या एक बाई गाडी चालवत होत्या, त्या बिचाऱ्यांना मागचं काय कळणार?

तेवढ्यात माझ्या हाताशी खांबावर लाल बटण दिसलं. मला काय, बरंच वाटलं. स्टॉपवर माणसं चढली, दार मोकळं झालं, मी डबल बेल दिली. गाडी निघाली! छाती फुगली बघा माझी. पुढच्या स्टॉपला गाडी थांबली, उतरलं कुणीच नाही. मी म्हटलं, असेल काही. दिली डबल बेल. त्याच्या पुढच्या स्टॉपला पुन्हा तेच. असे पंधरा-सोळा स्टॉप झाले असतील. ना कुणी उतरतंय, ना कुणी चढतंय, आणि गाडी मात्र जागोजाग थांबतेय. मी ज्ञानेश्वरीला म्हणालो की या बाईंची शिस्त बघ, एकही स्टॉप सोडत नाहीत.

शेवटी त्या बाई उठून आल्या आणि मला काहीतरी विचारायला लागल्या. मी दोन बोटं वर करून सांगत होतो की दोन म्हणजे चला. शेजारच्या एका तामिळ आजोबांना हिंदी येत होतं. त्यांनी समजावलं की ते बटण उतरणाऱ्यानं दाबायचं, दाबलं की गाडी पुढच्या स्टॉपला थांबते. म्हणजे एवढा वेळ मीच गाडी थांबवत होतो! सगळी बस हसली. ज्ञानेश्वरी तर पदर तोंडात कोंबून हसत होती. मी हात जोडून माफी मागितली. त्या बाईंनीही हसून मला कडक सलाम ठोकला, साहेबाला ठोकतात तसा.

या उद्योगात आपला वेळ गेला. येताना रस्त्यात गर्दी लागली, आणि जहाजावर चढायला पाच वाजून आठ मिनिटं झाली. तिथल्या साहेबानं सुनावलं. बाकी सगळं क्षेम. ज्ञानेश्वरी स्वतः लिहिणार आहे.

तुमच्या मनात आमची जागा राखून ठेवावी.
तुमचा,
कल्याण


जहाजावरून,
१३ जानेवारी, दुपार

ती. रज्जाकभाऊ यांना,
ज्ञानेश्वरीचा सा. न. वि. वि.

तुमची तब्येत बरी असेल. अख्तरीभाभींच्या गुडघ्याला तेल लावताय ना? मी परत आले की पहिल्यांदा तेच बघणार आहे.

यांनी तुम्हाला गर्दी लागली म्हणून लिहिलं, ते साफ खोटं. रस्ता मोकळा होता. उशीर का झाला, ते मी सांगते.

आम्ही बागेत पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. जिराफाच्या जागेवर गेलो तर तिथं एकही जिराफ नाही. तिथल्या माणसानं घड्याळावर बोट ठेवून सांगितलं की तीननंतर बाहेर सोडतील. आणि आम्हाला तीनची बस धरायची होती! मधल्या वेळात हत्ती बघितले, पांढरे वाघ बघितले, झाडावर लोंबकळणारी मोठी लाल माकडं बघितली. पावणेतीनला मी म्हणाले की चला, एवढं बघितलं ते पुष्कळ झालं, लेकीच्या नोकरीवर गदा यायला नको. मन माझं जड झालं होतं, पण मला सवय आहे.

हे उठलेच नाहीत, भाऊ. बाकावर बसले आणि खिशातून तुमचं पत्र काढलं. सुमैरानं पाठवलेल्या फोटोची पंकजानं जहाजावर छापून दिलेली घडी होती ती. आरशाची ओळ मला वाचून दाखवली. म्हणाले की तू उभी होतीस हे रज्जाकभाईंनी बघितलं आणि मी बघितलं नाही. मग डोळे पुसत राहिले. मीही रडले. इतकी वर्षं मला वाटायचं की मी उभी होते हे कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

तीन वीसला दार उघडलं आणि आले तिघं. अगं आई गं! डोळे केवढे, पापण्या केवढ्या! एक सरळ पाण्यापाशी गेला. पुढचे दोन्ही पाय हळूहळू फाकवले, आणखी फाकवले, मला वाटलं आता पडतोय, आणि मग मान खाली नेऊन पाणी प्यायला. मी टाळ्याच वाजवल्या. शेजारच्या गोऱ्या बाईनंही माझं बघून वाजवल्या.

परत येताना मात्र जीव मुठीत होता. जहाजाच्या शिडीपाशी फक्त आम्ही दोघं उरलो होतो. पंकजा बेकरीतली पांढरी टोपी घालून वर उभी, चेहरा रडवेला. ती आम्हाला खूप बोलली, आणि मग गळ्यात पडली. तिच्या साहेबांनी तिला काही म्हटलं नाही, त्यामुळे तुम्ही काळजी करू नका.

खरं सांगायचं ते राहिलंच. जिराफाचं पाणी पिऊन झाल्यावर मी पिशवी उचलली, तर हे म्हणाले की घाई नाही, तू म्हणशील तेव्हा निघू. भाऊ, लग्नाला पस्तीस वर्षं झाली, निघायचं कधी हे यांनी मला कधी विचारलं नव्हतं. मी पिशवी खाली ठेवली आणि आणखी पाच मिनिटं बसले. जिराफ केव्हाच झाडांमागं निघून गेले होते.

लहान बहिणीवरचं प्रेम आहे तसंच सांभाळा.
तुमची,
ज्ञानेश्वरी