सांडलेली आंबील

येळवस अमावस्या, संध्याकाळ. रेणापूर.

आजही तेच. शेतात कडब्याच्या कोपीत पूजा झाली, पाहुणे भज्जी-भाकरी खायला बसले आणि मायनं दादाचा विषय काढला. "माझा थोरला घरून आंबिलीचं मडकं डोक्यावर आणायचा. कधी थेंब सांडला न्हाई. अन् ह्यानं एकदा अख्खं मडकं बांधावर फोडलं!" सगळे माझ्याकडं बघून हसले.

फोडलं होतं दादानं. फौजेतून सुट्टीवर आला होता. पाय घसरला, आंबिलीनं न्हाऊन निघाला. सुट्टीवर आलेल्या पोराला बोलणी नकोत म्हणून मी माझं नाव सांगितलं. त्याच सालात तो लढाईत मारला गेला.

आता चौकात त्याचा पुतळा. तो कायमचा तरणाबांड, अन् इकडं माझे गुडघे दुखायलेत. आज मडकं मीच आणलं, थेंब न सांडता. कुणी बघितलं? जळतो मी. मेलेल्या भावावर जळतो. लाज वाटते, तरी जळतो.

आज खरं सांगूनच टाकणार होतो. तोंड उघडलंसुद्धा. माय म्हणाली, "काय रे?"

"आंबील वाढ."

का गिळलं मी? पुतळा गावाचा हाय, भिंतीवरचा फोटो मायचा. बांधावर फतकल मारून, मिशीवरची आंबील चाटत "लई झकास झालीय की रे" म्हणणारा दादा तेवढा माझ्याकडं हाय. तो कुणाला देणार न्हाई. मायलासुद्धा न्हाई.