पेढ्यांच्या खोक्यातली हाडं

झरी,
शनिवार

प्रिय श्रीशैल,

तू फोन उचलत नाहीस आणि माझे संदेश वाचून पुसून टाकतोस, म्हणून कागदावर लिहिते आहे. कागदही फाडता येतो, मला माहीत आहे. पण फाडण्याआधी तो निदान हातात धरावा लागतो. सोमवारी मठात बैठक आहे हे तुला सांगायला नको, ती तुमच्याच घरानं बोलावली आहे. तुमच्याकडची वडीलधारी माणसं, आमचे आप्पा, शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष असे सगळे बसणार आणि मला एकच गोष्ट विचारणार : शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात जी कोंबडीची हाडं मांडली होती, ती कुणी आणली? मी मांस खाल्लं नाही हे त्यांनी आता जवळजवळ मान्य केलंय, असं आप्पा सांगत होते. हे 'जवळजवळ' मनातून जाता जात नाही. अन्न पोटात एक तर गेलं किंवा नाही गेलं. जवळजवळ कसं जाईल?

आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे असेल, पुस्तकातलं काही चुकीचं सांगितलं तर मला पाप केल्यासारखं वाटतं. तुला आठवतं का, दहावीच्या पोरींना मी सांगून बसले होते की आपल्या परभणीच्या काळ्या दगडात जुन्या प्राण्यांची हाडं सापडूच शकत नाहीत, कारण तो सगळा ज्वालामुखीचा थिजलेला रस आहे. मग घरी येऊन वाचलं, की त्या रसाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे तळ्याचा गाळ अडकून राहिलेला असतो आणि त्यात जीवाश्म मिळू शकतात. दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाऊन चूक दुरुस्त केली. तुला सांगितलं तर तू म्हणालास, "अगं, कोण विचारणार होतं?" मला तेव्हा वाटलं, किती मोकळ्या मनाचा माणूस आहे हा, आणि मी किती घाबरट. साखरपुडा नुकताच झाला होता, तेव्हा तुझं सगळंच मला चांगलं वाटत असे.

कोंबडीची कल्पना तुझी होती. हे मी चिडून लिहीत नाही, जसं घडलं तसं लिहिते. दहावीच्या पुस्तकात परदेशातल्या चुनखडीत सापडलेल्या आद्य पक्ष्याचं चित्र आहे : अंगावर पिसं, पण तोंडात दात आणि मागे सरड्यासारखी हाडांची शेपटी. पोरींना ते पटेना. रेणुका म्हणाली, "बाई, दाताचं पाखरू कुटं असतंय का?" मी हे तुला फोनवर सांगितलं आणि तू इतका हसलास. तू गुराढोरांचा डॉक्टर, हाडं तुला तोंडपाठ. म्हणालास, चित्रानं काय होतंय, पोरींच्या हातात हाड दे. डायनासोर बघायला परदेशात कशाला जायला पाहिजे, झरीच्या उकिरड्यावर चार-दोन रोज चरत असतात. कोंबडीच्या छातीवरचं ते बेचकीसारखं हाड, दोन पायांवर धावणाऱ्या मांसाहारी डायनासोरांनाही तसंच होतं. पोकळ हाडं तशीच, पुढे तीन बोटं असलेला पंजा तसाच. मनगट दुमडणारं छोटंसं अर्धचंद्री हाड त्यांच्यात सापडतं, आणि पक्षी आज पंख मिटतो तो त्याच रचनेच्या जोरावर. तू तासभर बोललास. मी वहीत लिहून घेत होते, लग्न ठरलेल्या मुलीसारखी नव्हे, परीक्षेला बसल्यासारखी.

मग परभणीच्या बाजारातून कोंबडी तूच आणलीस. डोकं आणि पाय कापू नका म्हणालास, तर दुकानदार म्हणाला, "पंजों का सूप पीते क्या डॉक्टरसाब? घुटनों को अच्छा है." हेही तूच हसत हसत सांगितलंस. मी विचारलं होतं, माझ्यासाठी म्हणून तर नाही ना मारली? तू शपथेवर म्हणालास, आधीच कापून टांगलेली होती. आता त्या शपथेचीही मला खात्री वाटत नाही. चुडाव्याच्या तुझ्या दवाखान्यामागे तेलाच्या रिकाम्या डब्यात तू ती उकळलीस, धुण्याचा सोडा घातलास, बारीक हाडं वाहून जाऊ नयेत म्हणून चहाची गाळणी लावलीस. आणि सगळी कापसात गुंडाळून, पेढ्यांच्या खोक्यात भरून एसटीनं झरीला घेऊन आलास. उतरताना कंडक्टरनं विचारलं, पेढे कशाचे डॉक्टर? तू म्हणालास, होणारी बायको पास झाली. मला हसू आलं. खोटं बोलताना तुला किती कमी कष्ट पडतात, ते तेव्हा दिसलं नाही.

मी मात्र त्या संध्याकाळी जेवू शकले नाही. हात कितीदा धुतले तरी वास येतोय असं वाटत राहिलं. वास नव्हता, ते मलाही कळत होतं. पण दुसऱ्या दिवशी पोरींनी तारेनं एकेक हाड बांधत आणलं आणि ते सगळं दोन पायांवर उभं राहिलं, तेव्हा मी वास विसरले. चित्रकलेच्या बुद्धभूषण सरांनी मोडक्या बाकाच्या लाकडाचा ठोकळा करून दिला आणि जुन्या चादरीवर पिसं असलेला डायनासोर रंगवला, इतका जिवंत की पहिलीतलं एक पोर त्याच्याकडे पाठ करायला तयार होईना. हाडं कुणी आणली हे सरांना माहीत होतं, मीच सांगितलं होतं. म्हणजे हे आपण तिघंच जाणतो.

प्रदर्शनाला तुझ्या चन्नबसम्मा आत्या आल्या, होणाऱ्या सुनेची शाळा बघायला. इरकल नेसून, कपाळावर भस्माची बोटं ओढून. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी विचारलं, "प्लास्टिकची हाय का गं ही?" रेणुकानं मोठ्या अभिमानानं सांगितलं, "न्हाई आजी, खरी हाय. अन् ही नुसती कोंबडी न्हाई, ही डायनासोरच हाय." आत्यांनी हात पदराखाली घेतला. मग मला म्हणाल्या, "लय शिकलीस म्हणून आता कोंबडीचे वाडवडील हुडकायलीस का? आन् आमच्या वाडवडलांचं काय?" आजूबाजूची माणसं हसली. कुणी आणली ही घाण, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्या शेजारी उभा होतास. तू भिंतीवरच्या चादरीकडे बघितलंस, आणि पाण्याची बाटली आणतो म्हणून बाहेर गेलास. चादरीजवळ सर उभे होते. आत्यांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, नाव विचारलं, नाव ऐकलं, आणि "हं, कळलं" एवढंच म्हणाल्या. ज्यांना समोरच्या माणसाचं कूळ विचारल्याशिवाय राहवत नाही, त्यांना कोंबडीचं कूळ सांगितलं की एवढा राग का येतो?

पुढचं तुझ्या कानावर आलं असेल, तरी लिहिते. कोंबडी पोषण आहाराच्या पातेल्यात शिजवली, असं आधी किराणा दुकानात निघालं. मग सरांनी आणि मी कुलूप लावून ती खाल्ली असं निघालं. मग सरांनी मला नादी लावलं असं. अध्यक्षांनी मला विचारलं, हाडं कुणी आणली? मी म्हणाले, सांगणार नाही. तुझं नाव वाचवत होते. तू येऊन स्वतः सांगशील अशी मला खात्री होती. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांनी आपल्याला हवा तसा लावला आणि सरांना सांगितलं, बैठक होईपर्यंत येऊ नका. सर कंत्राटी आहेत, त्यांना कागदसुद्धा द्यावा लागत नाही. ते जाताना मला म्हणाले, "बाई, तुमचं लग्न तोंडावर आलंय, मी काही बोलत न्हाई. तुमी पण नका बोलू." मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. आप्पा रोज म्हणतात, "माय, हाड म्हंजी हाड. पन तू चूक झाली म्हन अन् मोकळी हो." आप्पांवर मला रागावता येत नाही. त्यांना कुणी शिकवलं नाही. तुला शिकवलं होतं. तुला तर प्रत्येक हाडाचं नाव माहीत आहे.

आणि गुरुवारचा तुझा तो फोन. त्यानंतर तू एकदाही उचलला नाहीस. आप्पा शेजारी बसले होते म्हणून मला काही बोलता आलं नाही, पण तुझं वाक्य मी अक्षरही न बदलता लिहिते : "भक्ती, एवढंच म्हण की त्यानं आणली. तो कंत्राटीच हाय, आज ना उद्या जाणारच. अन् त्यांच्यात चालतंय." मठात मी एवढं म्हणायचं, शुद्धीसाठी दीक्षा पुन्हा घ्यायची, आणि मग लग्न ठरल्या तारखेला होणार, आत्यांचा तसा शब्द आहे म्हणालास. तू घाबरला असतास तर मी समजून घेतलं असतं. मी स्वतः सतत घाबरलेली असते. पण तू घाबरला नव्हतास, श्रीशैल. तू हिशेबानं माणूस निवडलास. कोणाचं नाव घेतलं तर कुणी प्रश्न विचारणार नाही, हे तुला आत्यांइतकंच नीट ठाऊक होतं.

हे पत्र भांडणासाठी नाही, कळवण्यासाठी आहे. उद्या मी स्वतः चुडाव्याला येऊन ते तुझ्या कंपाउंडरच्या हातात देणार, आत येणार नाही. सोमवारी मला विचारतील तेव्हा मी तुझं नाव घेणार आहे. कोंबडी कुठून घेतली, कुठे उकळली, कशातून आणली, सगळं सांगणार, आणि चूक झाली असं एकदाही म्हणणार नाही. माझ्या नोकरीचं काय होईल मला माहीत नाही, आप्पांना मठात पुन्हा कोण बसवून घेईल तेही माहीत नाही. तरीही पाठीमागून वार केला असं तुला म्हणता येऊ नये, म्हणून आधी सांगते. बैठक दहाला आहे. माझ्या आधी तू उभा राहिलास, तर मला बोलावं लागणार नाही. राहिला नाहीस, तर आत्यांच्या समोर बसूनच तुला ते ऐकावं लागेल.

सोमवारपर्यंत तुझीच,
भक्ती