गोड बोलणाऱ्यांना मज्जाव

ती. आत्यास,

वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? दुखत असेल तर आधी शेकून घे, मग पुढचं वाच. मी ठीक आहे, म्हणजे नोकरी अजून आहे.

तुला ठाऊकच आहे, पडद्यांच्या कारखान्यातली माझी नोकरी अजून कच्ची आहे आणि ती पक्की करायला मालकांना कुणा वडीलधाऱ्या माणसाचं शिफारसपत्र हवं आहे. मधल्या काळात त्यांनी मला कॉम्प्युटरवर भामट्यांच्या मेल अडवणारी चाळणी लावायला सांगितलं. आपण शब्द द्यायचे, ती त्या शब्दांच्या मेल बाजूला काढते. शाळेत जाण्याआधी तूच मला स्वयंपाकघरात अक्षरं शिकवलीस आणि हेही, की गोड बोलणारा, घाई करणारा आणि फुकट देणारा, तिघांनाही उंबऱ्यावरूनच परत पाठवावं. मी तिघांनाही चाळणीत घातलं. भामटे गेले. पण 'कृपया' म्हणणारी गिऱ्हाइकं, ताबडतोब पडदे हवे असलेलं हॉस्पिटल आणि फुकट नमुने पाठवणारा कापडवालाही गेला. आत आले ते फक्त सावकाश, सविस्तर शिव्या देणारे. त्या रोज वाचून मालक खंगत चालले. "अगं पोरी, जगात माझं बरं चिंतणारं कुणी उरलंच नाही का?"

मला इतकं वाईट वाटलं की मी चाळणी काढूनच टाकली. (हे चुकलं.) लगेच एका परदेशी विधवेची मेल आली: 'लाडक्या, माझा महाल तुझाच.' गोड शब्दाला आसुसलेल्या मालकांनी उलट विचारलं, खिडक्या किती? बाईंनी मापंसुद्धा पाठवली! आमचे शिंपीमास्तर म्हणाले, "मालक, ही खिडकी जमिनीच्या खाली जातेय." मालक म्हणाले, "श्रीमंतांचं तसंच असतं. तुम्ही कापा." जांभळी मखमल कापली गेली.

आता मी मधला मार्ग काढलाय. चाळणी परत लावली, पण अडवलेली प्रत्येक मेल मी स्वतः बघते आणि खरी असेल तर माफी मागून आत सोडते. (चुकून एका भामट्याचीही मागितली. बिचारा फार हळवा झाला.) हॉस्पिटल सापडलं. फक्त पक्षपात नको म्हणून मीच एक नियम केला: आपल्या नातेवाइकाची मेल आपण सोडायची नाही. आणि सोडणारी मी एकटीच.

तुझी भित्री भाची

ता. क. तू मेलने पाठवलेलं शिफारसपत्र चाळणीत अडकलंय. 'पोरगी म्हणजे सोनं, डोळे मिटून विश्वास ठेवा, आजच पक्की करा'... आत्या, असं भामटे लिहितात गं! शनिवारच्या आत ते मालकांना मिळालं नाही तर मला घरी बसावं लागेल. पुन्हा लिही, पण त्यात माझे दोषच लिही. ते नक्की पोचतील.

ता. क. २. पाकीट चिकटवणार इतक्यात मालकांनी बोलावलं. तुझी दुसरी मेल थेट त्यांना मिळाली म्हणे. 'पत्राला उत्तर द्यायची रीत आहे की नाही? आमची पोरगी भित्री आहे, लावलेली कडी चारदा बघते, पण खोटं बोलायला तिला येत नाही. नको असेल तर मुकाट्याने घरी पाठवा!' मालक म्हणाले, "याला म्हणतात शिफारस." मी पक्की झाले, आत्या! आता एवढंच कर, त्यांना आभाराचं पत्र पाठवू नकोस. राहवलंच नाही, तर शिव्या घालून आभार मान.